वायफाय जोडेना? आधी तेरीज जुळवा



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, तरी घरातलाच आहे. लॅपटॉप वायफायला जोडला जात नाही, तेव्हा बहुतेक घरांत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याला किंवा बंगळुरूला असलेल्या मुलाला फोन जातो. तो कामात असतो. मग "रात्री बघू" म्हणून लॅपटॉप मिटवला जातो आणि दिवस वाया जातो. माझं मत स्पष्ट सांगते. घरातलं वायफाय गृहिणीने स्वतःच्या ताब्यात घ्यावं. सिलिंडर बदलणं, कुकरची रिंग बदलणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं हे आपण करतोच. हे काम त्याच रांगेत बसतं. दिवसभर घरात आपण असतो, वायफायचा डबा आपल्या नजरेसमोर असतो. बंगळुरूच्या मुलाला त्यावरचा दिवा लाल आहे की हिरवा, हे तिथून दिसत नाही.

"हे तांत्रिक काम आपल्याला कसं जमणार?" असं वाटत असेल, तर आपल्या लहानपणचा रेडिओ आठवा. त्याचा परवाना पोस्टात जाऊन नवा करून आणावा लागायचा. कोनाड्यात तो खरखर करायचा आणि खिडकीत ठेवला की स्वच्छ लागायचा, हे आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं. वायफाय हाही रेडिओच आहे. घरातला डबा म्हणजे छोटं आकाशवाणी केंद्र. फरक इतकाच, की इथे डबा आणि लॅपटॉप दोघंही बोलतात आणि दोघंही ऐकतात. आणि परवाना लागत नाही. २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणून तर आपण बिनदिक्कत घरात वायफाय लावतो.

मी बी.कॉम. केलं तेव्हा हिशेब हातानेच लिहायचो. रोजकीर्द, खतावणी आणि शेवटी तेरीज. तेरीज जुळली नाही की सगळ्या वह्या पुन्हा लिहायला बसायचं नसतं, हा आमचा पहिला धडा. आधी फरक किती ते बघायचं. त्याच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती नावेऐवजी जमेला गेली असेल का ते तपासायचं. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल का ते पाहायचं. ५४० चे ४५० लिहिले की फरक ९० येतो. म्हणजे चूक कुठे असू शकते ते आधी ठरवायचं, मग तेवढंच पान उघडायचं. वायफायचंही अगदी तसंच आहे. ज्यांना हे कळत नाही ते सगळ्या वह्या जाळून टाकतात, म्हणजे लॅपटॉप फॉरमॅट करतात.

हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंचा लॅपटॉप घरी वायफाय पकडत नव्हता. दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने सांगितलं, फॉरमॅट करावा लागेल. त्यांनी हो म्हटलं. त्यात लग्नाचे फोटो गेले आणि सासऱ्यांनी आजारपणात सांगितलेल्या जुन्या आठवणींचं रेकॉर्डिंगही गेलं. त्याची दुसरी प्रत नव्हती. पैसे देऊन लॅपटॉप घरी आणला, तर वायफाय तरीही लागेना! कारण लॅपटॉप जुना होता, त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ऐकू येत होत्या, आणि घरातल्या नव्या डब्यावर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू होतं. दुकानातलं वायफाय २.४ चं, म्हणून तिथे लगेच लागलं. दोष लॅपटॉपच्या पोटात नव्हताच. वायफाय बंद पडण्यात एवढं काय अडतं, असं म्हणणाऱ्यांनी त्या रेकॉर्डिंगचा विचार करावा.

आता तपासणीचा क्रम. तो वरून खाली असाच पाळायचा, आणि एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने जमलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पाटी कोरी.

पहिला प्रश्न, नेट सगळ्यांचं गेलंय की फक्त लॅपटॉपचं? मोबाईल हातात घ्या, त्यातला मोबाईल डेटा बंद करा आणि मग वायफायवर काही उघडतंय का पाहा. डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर मोबाईल सिमवरून चालत राहील आणि वायफाय ठीक आहे असं वाटेल.

मोबाईललाही नेट नसेल, तर लॅपटॉपला हात लावायचा नाही. डब्याकडे जा. फायबरच्या डब्यावर 'लॉस' किंवा 'एलओएस' असं लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला, म्हणजे बाहेरून येणाऱ्या काचेच्या तारेतला प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाहीये. कुठेतरी तार तुटली, दुमडली किंवा उंदराने कुरतडली असेल. ते काम आपलं नाही, कंपनीचं आहे. फक्त ती बारीक तार काढून तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लाल दिवा नसेल, तर डब्याचं बटण बंद करा, एक मिनिट थांबा, चालू करा आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघूही नका. त्याला स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. आपल्याकडे वीज जाते-येते, इन्व्हर्टरवर जाताना डब्याला झटका बसतो आणि तो अडकून राहतो. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

मोबाईलला नेट आहे आणि लॅपटॉपलाच नाही, असं असेल तर दुसरा प्रश्न. हा माझा सर्वांत आवडता, कारण याने अर्धी वही बाजूला होते. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा आणि लॅपटॉप त्याला जोडून पाहा. (हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये २.४ निवडता येत असेल तर तेच निवडा.) जोडला गेला, तर लॅपटॉपचा रेडिओ धडधाकट आहे; भांडण लॅपटॉप आणि घरातला डबा या दोघांमधलं आहे. जोडला गेला नाही, तर दोष लॅपटॉपमध्ये. बघा, दोन प्रश्नांत आपण बाहेरची तार, डबा आणि लॅपटॉप अशी तिन्ही खाती वेगळी केली, आणि अजून कशालाही धक्का लावलेला नाही.

दोष लॅपटॉपमध्ये असेल, तर वायफायच्या चिन्हावर टिचकी मारून यादी उघडा. यादीत एकही नाव दिसत नसेल, तर बहुधा विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलंय. त्याला एअरप्लेन मोड म्हणतात. कीबोर्डच्या वरच्या ओळीत ते असतं. पुसताना, नातवंडांच्या हाताने, कसंही दाबलं जातं. काही जुन्या लॅपटॉपला कडेला वायफायचा सरकता खटकाही असतो. ते ठीक असेल तर लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. लक्षात ठेवा, 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट'. विंडोजमध्ये शट डाउन केल्यावर लॅपटॉप पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावा म्हणून आतली काही अवस्था जपून ठेवली जाते, त्यामुळे अडकलेली गोष्ट तशीच अडकून राहू शकते. रीस्टार्टने सगळं नव्याने सुरू होतं.

भांडण लॅपटॉप आणि डब्यामधलं असेल, तर तीन शक्यता पाहायच्या.

एक, यादीत शेजाऱ्यांची नावं दिसतात, आपलं दिसत नाही. तेव्हा लॅपटॉप डब्याच्या खोलीत न्या. पुष्कळ डबे दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५. पाचचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. दोनचाराचा जरा सावकाश, पण लांबपर्यंत जातो. नावाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं असतं ते हेच. मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. गावातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतून पाचचा पट्टा पलीकडच्या खोलीत पोचत नाही. आणि लॅपटॉप जुना असेल तर त्याला तो ऐकूच येत नाही, त्या ताईंचं झालं तसं. कंपनीला फोन करून २.४ चालू करून द्या म्हणायचं, एवढाच उपाय.

दोन, नाव दिसतं, पण पासवर्ड घेत नाही. इथे लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. कॅप्स लॉक लागलेलं नाही ना, ते बघा. कुणी डब्याचा पासवर्ड बदलला असेल, तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड देत बसतो. त्या नावावर जाऊन 'फरगेट' निवडा आणि नवा पासवर्ड एकदा नीट टाका.

तीन, जोडलं गेलं असं दिसतं, पण खाली 'नो इंटरनेट'. डबा प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक देतो, खतावणीत प्रत्येक खात्याला पान क्रमांक असतो तसा. वायफायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये तो दिसतो. घरात तो बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर समजा की डब्याने पान दिलंच नाही आणि लॅपटॉपने आपणच एक क्रमांक लावून घेतलाय. वायफाय बंद करून पुन्हा जोडा, नाही जमलं तर डबा बंद-चालू करा. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना खोल्या भाड्याने दिलेल्या घरांत एका डब्यावर बरीच उपकरणं असतात. कृषी विद्यापीठ इथे आहे, मुलं आपल्याच गावात राहणार आणि वायफाय मागणार; पण डब्यालाही मर्यादा असते हे ध्यानात ठेवा. आणखी एक गोष्ट, लॅपटॉपची तारीख तपासा. जुन्या लॅपटॉपमधली बटणासारखी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग नेट असूनही वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत. तारीख दुरुस्त केली की सगळं सुरळीत.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर डब्यापासून लॅपटॉपपर्यंत लॅनची तार जोडून पाहा, किंवा मोबाईल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वायफाय नसतानाही लॅपटॉपला नेट मिळतं. मग मुलाला दुरून अद्ययावत ड्रायव्हर टाकायला सांगता येतं. वायफायचा भागच निकामी झाला असेल, तरी लगेच नवा लॅपटॉप घेऊ नका. यूएसबीत बसणारा बोटाएवढा वायफाय अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो.

डब्याची जागा हा तर पूर्णपणे आपल्या अखत्यारीतला विषय. तो दिसायला बरा नाही म्हणून आपण लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या मागे लपवतो. लोखंड लहरी परतवून लावतं, पाणी त्या शोषतं. म्हणून कपाटामागे नको, पाण्याच्या टाकीशेजारी नको, आणि मायक्रोवेव्हजवळ तर मुळीच नको. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्याच गल्लीत. दूध गरम करताना सूनबाईंची मीटिंग अडखळत असेल तर ते यामुळे. लहरींच्या गोंगाटाला मोठमोठे शास्त्रज्ञही जपतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची. ती तिथे उभारली, त्यात त्या भागात बाहेरच्या रेडिओ लहरींचा गोंगाट कमी होता हेही एक कारण होतं. आपण थाळी हलवू शकत नाही, डबा तर हलवू शकतो. घराच्या मध्यावर, खांद्याइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवा.

आता घाईच्या दिवसाबद्दल. ज्यांच्या घरी दुकान किंवा भुसाराचा व्यवहार आहे त्यांना २० तारीख सांगायला नको. दरमहा जीएसटीचं ३बी विवरण भरणाऱ्यांना एक दिवस उशीर झाला, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, विवरण निरंक असलं तरी २० रुपये. अशा वेळी दुरुस्तीत डोकं घालू नका. हॉटस्पॉट लावा, काम उरका, तपासणी दुसऱ्या दिवशी. कामाची आणि दुरुस्तीची गल्लत केली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस कुणाचंही ऐकतो.

खरी भीती मला तिथलीच वाटते. गुगलवर "कस्टमर केअर" शोधून सापडेल तो नंबर लावायचा, ही सवय फार महागात पडते. भामटे कंपनीच्या नावाने खोटे नंबर टाकून ठेवतात. गोड बोलून स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवायला सांगतात, आणि मग तुमच्या मोबाईलमधलं सगळं त्यांना दिसतं. नंबर फक्त बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला घ्यावा. वायफाय दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही, यूपीआयचा पिन लागत नाही, "दहा रुपये पाठवून पाहा" असलंही काही लागत नाही. तसं मागितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. लपवून ठेवू नका. घरचे रागावतील म्हणून गप्प बसलेल्या बाईचंच नुकसान सर्वांत मोठं होतं.

मुलं म्हणतील, "आई, तू हात लावू नकोस, बिघडेल." त्यांना शांतपणे सांगा की काय बिघडतं आणि काय नाही हे मला ठाऊक आहे. डबा बंद-चालू केल्याने, लॅपटॉप रीस्टार्ट केल्याने, पासवर्ड पुन्हा टाकल्याने काहीही बिघडत नाही. हात लावायचा नाही तो दोनच ठिकाणी. डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी घालायची नाही. त्याने कंपनीची सगळी मांडणी पुसली जाते आणि त्यांचा माणूस येईपर्यंत घरातलं सगळंच नेट बंद पडू शकतं. आणि लॅपटॉपमधलं 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी, तेही पासवर्ड कागदावर असतील तरच, कारण साठवलेले सगळे पासवर्ड त्यात जातात.

कागदावरून आठवलं. पासवर्ड लिहून ठेवू नये, असं सगळे सांगतात. बँकेच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं. पण घरच्या वायफायचा पासवर्ड स्वयंपाकघरातल्या वहीत लिहिण्यात मला काही गैर वाटत नाही. नेटवरचा चोर आपला कणकेचा डबा उघडायला येत नाही. येत्या रविवारी दहा मिनिटं काढा आणि वहीचं एक पान यासाठी ठेवा. डब्याचं वायफायचं नाव आणि पासवर्ड. बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि तक्रारीचा फोन. सगळं ठीक चालू असताना डब्यावरचे कोणते दिवे पेटलेले असतात, त्यांचा रंग. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण चांगल्या दिवसाची नोंद नसेल तर वाईट दिवशी फरक कसा काढणार? कंपनीला फोन करताना "नेट नाही" एवढंच न सांगता "लॉसचा दिवा लाल आहे, मोबाईललाही नेट नाही, डबा बंद-चालू करून पाहिला" असं सांगा आणि तक्रार क्रमांक त्याच पानावर लिहा. समोरच्याचा आवाज बदलतो, हे तुमच्या लक्षात येईल.

मुलांना फोन जरूर करा. पण तो नातवाचा आवाज ऐकायला करा, डब्यावरचे दिवे वाचून दाखवायला नको.